सतराव्या शतकातली 'फ्रिगेट' नेमकी केवढी होती? 'डार्टमथ'च्या पस्तीस वर्षांचा हिशेब

जुलै २०२५ मध्ये खांदेरीचं नाव इतर अकरा मराठा किल्ल्यांसोबत जागतिक वारसा यादीत गेलं. तेव्हापासून १६७९च्या खांदेरीच्या लढाईबद्दल बरंच लिहिलं-बोललं जातंय. त्या वर्णनांत ईस्ट इंडिया कंपनीच्या 'रिव्हेंज' या जहाजाचा उल्लेख हमखास येतो आणि त्याच्यापुढे 'फ्रिगेट' असा शब्द असतो. आज भारतीय नौदलाची फ्रिगेट काही हजार टनांची असते. त्यामुळे मराठ्यांच्या गलबतांसमोर एखादी अवाढव्य युद्धनौका उभी होती, असं चित्र वाचणाऱ्याच्या मनात तयार होतं. ते चित्र चुकीचं आहे. त्या काळी फ्रिगेट म्हणजे लहान, सडपातळ, पळणारं जहाज.

असं जहाज आतून कसं होतं, ते चालवायला काय लागायचं आणि ते मरायचं कसं, हे समजून घ्यायला इंग्लंडच्या आरमारातली 'डार्टमथ' ही पाचव्या दर्जाची नौका फार उपयोगी पडते. ती १६५५ मध्ये बांधली गेली, १६९० मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर फुटली आणि १९७३ मध्ये पाणबुड्यांना तिचे अवशेष सापडले. म्हणजे तिच्याबद्दल कागदही आहेत आणि लाकूडही.

तारखांबद्दल एक खुलासा आधीच करतो. इंग्लंड तेव्हा जुनी दिनदर्शिका पाळत होतं. ती युरोपातल्या बऱ्याच देशांपेक्षा दहा दिवस मागे होती. खालच्या तारखा त्या जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे आहेत.

'पाचव्या दर्जाची' म्हणजे दुय्यम प्रतीची का?

नाही. इंग्रज आरमारात जहाजांचे सहा दर्जे होते. ते तोफांच्या आणि खलाशांच्या संख्येवरून ठरत. बांधणी चांगली की वाईट याच्याशी त्यांचा संबंध नव्हता. पहिल्या दर्जाच्या जहाजावर शंभराच्या घरात तोफा असायच्या. पाचव्या दर्जावर साधारण वीस ते छत्तीस आणि सहाव्यावर त्याहून कमी. दर्जावरून कप्तानाचा पगार, किती दोर-शिडं द्यायची, किती माणसं भरायची, हे सगळं ठरायचं. कचेरीच्या सोयीसाठी केलेली ती वर्गवारी होती.

दर्जाला खरा अर्थ आला १६५३ नंतर. डचांशी लढताना इंग्रजांनी जहाजं एकामागे एक रांगेत ठेवून कुशीवरच्या तोफा डागायची पद्धत पक्की केली. या रांगेत उभं राहायचं तर समोरच्या मोठ्या जहाजाचे गोळे झेलता आले पाहिजेत. पाचव्या दर्जाच्या जहाजाच्या अंगात ती ताकद नव्हती. ती रांगेबाहेर राहून टेहळणी करत, एका टोकाचे झेंड्यांचे इशारे दुसऱ्या टोकापर्यंत पोचवत, डोलकाठी तुटलेल्या जहाजाला ओढून बाहेर काढत, आणि शत्रूने सोडलेली पेटती जहाजं होड्यांनी बाजूला ओढत.

फ्रिगेटचा आकार इंग्रजांनी उचलला तो डंकर्कच्या खासगी लुटारू जहाजांवरून. ती लांबट, बुटकी आणि चपळ असायची, आणि इंग्रज व्यापाऱ्यांची गलबतं लुटून पसार व्हायची. पकडायची तर तसलीच हवीत, म्हणून १६४०च्या दशकात तशी जहाजं बांधायला सुरुवात झाली. १६५४च्या डिसेंबरात, इंग्लंडमध्ये राजा नसताना, सत्तेवर असलेल्या क्रॉमवेलच्या राजवटीने अशा सहा नौकांची मागणी नोंदवली. डार्टमथ त्यांतली एक. पोर्ट्समथच्या गोदीत जॉन टिपेट्स या मुख्य सुताराने ती बांधली.

ती केवढी होती, हे आकड्यांत

पठाण, म्हणजे तळाचा कणा, ८० फूट. रुंदी २५ फूट. मीटरमध्ये सांगायचं तर कणा साडेचोवीस मीटरच्या आत आणि रुंदी साडेसात मीटरच्या जरा वर.

त्या काळी जहाजाचं 'टन' हे माप काढायची इंग्रज गोदीतली रीत अशी होती: कण्याची लांबी गुणिले रुंदी गुणिले रुंदीच्या निम्मे, भागिले ९४. डार्टमथसाठी ८० × २५ × १२.५ केलं की २५,००० येतात; त्याला ९४ने भागलं की २६६ टन. हे जहाजाचं वजन नाही. माल भरायची क्षमता अंदाजाने सांगणारा तो आकडा आहे आणि मुळात तो वाइनच्या पिंपांवरून आला. शिडाच्या जहाजांचे टन आणि आजच्या युद्धनौकांचे टन शेजारी ठेवून तुलना करणारे तक्ते म्हणूनच दिशाभूल करतात.

त्याच काळात 'सॉव्हरिन' हे पहिल्या दर्जाचं जहाज होतं. शंभर तोफा आणि याच रीतीने मोजलेले दीड हजाराच्या वर टन. डार्टमथ तिच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाची.

तोफा सुरुवातीला बावीसच्या आसपास होत्या. पुढे त्या तीसच्या वर गेल्या. हीच त्या काळच्या सगळ्या फ्रिगेटींची रड होती. बांधताना हलकी आणि चपळ, आणि एकदा समुद्रावर गेली की प्रत्येक कप्तान आणखी दोन तोफा मागतो, आणखी एक छोटं छप्पर उभारतो. नऊ पौंडी गोळा टाकणारी एक लोखंडी तोफ टनाच्या वर भरते. असं वजन पाण्यापासून उंच ठेवत गेलात की वाऱ्यात जहाज जास्त कलतं, खालच्या तोफांच्या खिडक्या पाण्याला टेकतात, आणि ज्या बाजूने शत्रूवर मारा करायचा नेमक्या त्याच बाजूच्या खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. त्यावर उपाय म्हणून गोदीत जहाजाच्या कमरेला, पाण्याच्या पातळीला, जाड फळ्यांचा जादा पट्टा ठोकत. रुंदी वाढायची, जहाज सावरायचं, आणि वेग जायचा. ज्या वेगासाठी फ्रिगेट बांधली तोच!

लढाया किती आणि हेलपाटे किती?

'युद्धनौकेची कारकीर्द' म्हटलं की लढायांची यादी डोळ्यांपुढे येते. डार्टमथच्या पस्तीस वर्षांत लढाया आहेत, पण दिवस मोजले तर त्या थोड्या भरतात. डचांशी झालेल्या युद्धांत ती आरमाराबरोबर होती. उत्तर आफ्रिकेतल्या चाच्यांपासून व्यापारी गलबतांचं रक्षण करायला ती भूमध्य समुद्रात गेली. १६८०च्या दशकात ती वेस्ट इंडीजच्या बेटांकडे गस्तीवर होती. मधल्या वर्षांत राजा बदलला, राज्यव्यवस्था बदलली. क्रॉमवेलसाठी बांधलेली नौका चार्ल्स दुसरा, मग जेम्स दुसरा आणि शेवटी विल्यम-मेरी यांच्या झेंड्याखाली चालत राहिली. त्याचं कारण सरळ आहे: लहान जहाज कुणालाही लागतं. शंभर तोफांचं जहाज हिवाळ्यात बंदरात बांधून ठेवत, कारण ते बाहेर काढणंच परवडत नसे. टपाल पोचवणं, जकात चुकवणाऱ्यांना धरणं, व्यापारी तांड्याची सोबत, बंडखोर किनाऱ्यावर दहशत बसवणं, ही बारमाही कामं पाचव्या-सहाव्या दर्जाची जहाजं करत. इतिहासाच्या पुस्तकांत मोठ्या जहाजांना जास्त पानं मिळतात. माझ्या मते आरमाराचा रोजचा भार या लहानांनी उचलला.

एवढी माणसं राहायची कुठे आणि खायची काय?

युद्धाच्या काळात तिच्यावर सुमारे १३० माणसं असत. आपल्या चाळीतल्या खोल्यांपेक्षाही दाटी. झोपाळे तोफांच्या मधोमध टांगलेले. चांगल्या अनुभवी खलाशाला २८ दिवसांच्या 'महिन्या'ला २४ शिलिंग पगार होता. हा दर १६५३ मध्ये ठरला आणि पुढे जवळजवळ दीडशे वर्षं तोच राहिला. रोख हातात पडायचं ते जहाज परत येऊन हिशेब झाल्यावर, तोपर्यंत चिठ्ठी. गरजू खलाशी ती चिठ्ठी सावकाराला कमी पैशात विकून टाकायचा.

शिध्याचं प्रमाण ठरलेलं होतं. माणशी रोज एक पौंड बिस्किट, म्हणजे दगडासारखी कडक भाजलेली रोटी, आणि एक गॅलन बिअर. आठवड्याला चार पौंड खारवलेलं गोमांस, दोन पौंड डुकराचं मांस, वाटाणे, आणि काही दिवस मांसाऐवजी सुकवलेली मासळी, लोणी, चीज. बिअर ही चैन नव्हती. लाकडी पिंपातलं पाणी थोड्याच दिवसांत शेवाळतं. सौम्य बिअर त्यापेक्षा जास्त टिकते.

आता गुणाकार करा. बिअरचा जुना गॅलन सुमारे ४.६ लिटरचा. १३० माणसांना २८ दिवसांना ३,६४० गॅलन, म्हणजे जवळपास १६,८०० लिटर. चार महिन्यांचा शिधा भरायचा तर केवळ बिअर ६७ टनांच्या घरात जाते: जहाजाच्या २६६ टन क्षमतेचा चौथा हिस्सा! त्यात चार महिन्यांचं साडेसहा टन बिस्किट, मांसाची पिंपं, जळण, दारूगोळा, सुटे दोर, सुटी शिडं. लहान युद्धनौका किनाऱ्यापासून फार काळ दूर का राहू शकत नव्हती, याचं उत्तर या हिशेबात आहे. तोफा वाढवल्या की त्या चालवायला माणसं वाढतात, माणसं वाढली की पिंपं वाढतात, आणि पिंपांना जागा उरत नाही.

तिचा खरा शत्रू कोण होता?

पाणी आणि त्यातली कीड. लाकडी जहाजाचा तळ पाण्यात राहिला की आधी शेवाळ धरतं, मग शिंपल्यांसारखे कालवं-खवले चिकटतात. काही महिन्यांत वेग इतका उतरतो की ज्या चाच्याला पकडायला पाठवलं तो सहज निसटतो. उष्ण पाण्यात त्याहून वाईट: लाकूड पोखरणारा, किड्यासारखा दिसणारा एक मऊ शिंपला. तो फळीत टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून शिरतो आणि आत वाढत जातो. बाहेरून फळी धडधाकट दिसते. ठोकून बघितली तर आत चाळणी. भूमध्य समुद्र आणि वेस्ट इंडीज करून आलेल्या नौकेच्या बाबतीत हे संकट काल्पनिक नव्हतं.

यावर त्या काळचा उपाय असा. तळाच्या ओकच्या फळ्यांवर डांबर आणि जनावरांच्या केसांचा जाड लेप द्यायचा. त्यावर पाइनसारख्या हलक्या लाकडाच्या पातळ फळ्या खिळ्यांनी ठोकायच्या. कीड आधी ही बाहेरची फळी खाते, मग केसांच्या थरापाशी अडते. बाहेरची फळी चाळण झाली की काढून टाका, नवी ठोका. १६७०च्या दशकात लाकडाऐवजी शिशाचे पत्रे लावून पाहिले गेले. कीड थांबली, पण सुकाणूचे लोखंडी बिजागरे भराभर गंजू लागले. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकत्र आले की त्यांच्यात वीज वाहते आणि लोखंड झिजतं, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. सुकाणू निखळणं म्हणजे जहाज जाणं, म्हणून तो प्रयोग सोडून द्यावा लागला.

तळ साफ करायची रीतही पाहण्यासारखी आहे. मोठ्या जहाजाला कोरडी गोदी लागायची. डार्टमथएवढ्या जहाजाचं काम एखाद्या वाळूच्या किनाऱ्यावर भागायचं. आधी तोफा, पिंपं आणि जहाज सावरायला तळाशी भरलेले दगड उतरवायचे. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटी लागली की ते एका कुशीवर कलतं. उघड्या पडलेल्या तळावर वाळलेल्या झुडपांच्या पेटत्या मोळ्या फिरवायच्या. जुनं डांबर वितळतं, त्याबरोबर शेवाळ आणि खवले सुटतात. मग खरवडायचं. फळ्यांच्या फटींत जुन्या दोरांचे धागे छिन्नीने ठोकून वर तापलेलं डांबर ओतायचं. शेवटी माशाचं तेल, राळ आणि गंधक यांचा लेप. पुढची भरती यायच्या आत ही कूस आटपली पाहिजे, मग दुसरी. मोळी जास्त वेळ एका जागी धरली तर फटीतलं डांबर पेटतं, कमी धरली तर शेवाळ आणि खवले तसेच राहतात.

लाकूड आतूनही कुजायचं. फळ्या फासळ्यांना जोडायला लोखंडी खिळ्यांऐवजी मुख्यतः लाकडी खुंट्या वापरत. ओकमध्ये आम्ल असतं, ते लोखंडाला खातं, आणि गंजलेल्या खिळ्याभोवतीचं लाकूड काळं पडून सैल होतं. कोकण-गुजरातच्या किनाऱ्यावर बांधल्या जाणाऱ्या जहाजांच्या सागवानात तेल असतं, त्यामुळे त्यात लोखंड जास्त टिकतं. मुंबईत बांधलेल्या सागवानी जहाजांचं इंग्रजांना पुढे एवढं अप्रूप वाटलं, त्याचं हे एक मोठं कारण.

मग पस्तीस वर्षं टिकली कशी?

मोठ्या दुरुस्तीने. १६७८च्या सुमाराला डार्टमथ गोदीत जवळजवळ उघडून पुन्हा जोडली गेली. कुजलेल्या फासळ्या, फळ्या काढून नवं लाकूड बसवलं.

इथे रास्त शंका येते: एवढं बदलल्यावर ती तीच नौका राहिली का? आरमाराच्या दृष्टीने हो. नाव तेच, दर्जा तोच, खर्च त्याच खात्यावर. नव्या जहाजाला मंजुरी मिळवणं अवघड, दुरुस्तीला सोपं. म्हणून कित्येकदा 'दुरुस्ती'च्या नावाखाली निम्मं जहाज नवं व्हायचं. समुद्रतळावरचं लाकूड अभ्यासताना मात्र हे भान ठेवावं लागतं. एखादी फासळी १६५५ची आणि तिला चिकटलेली फळी १६७८ची, असं असू शकतं.

डेरीचा वेढा: तिचा सगळ्यात मोठा दिवस

१६८८ मध्ये जेम्स दुसरा याला इंग्लंडच्या गादीवरून जावं लागलं आणि विल्यम व मेरी आले. जेम्सने आयर्लंडमध्ये सैन्य उभं केलं. उत्तरेकडच्या डेरी शहराने त्याला दरवाजे उघडले नाहीत आणि वेढा पडला. तो १०५ दिवस चालला. आत उपासमार. मदतीची जहाजं फॉइल नदीच्या मुखापर्यंत आली होती, पण वेढा घालणाऱ्यांनी नदीत आडवा अडसर बांधला होता: लाकडाचे ओंडके, साखळ्या आणि जाड दोर एकत्र बांधून दोन्ही तीरांना जखडलेले. शिवाय मुखाशी कलमोरचा किल्ला आणि काठावर तोफा.

२८ जुलै १६८९च्या संध्याकाळी डार्टमथ पुढे झाली. कप्तान होता जॉन लीक. तिने अन्नधान्याची जहाजं सोडवायची म्हणजे किल्ल्याचा मारा स्वतःकडे ओढून घ्यायचा. ती किल्ल्यासमोर गेली, तिथे थांबून गोळाबारी करत राहिली, आणि तिच्या आडून 'माउंटजॉय' आणि 'फीनिक्स' ही व्यापारी जहाजं नदीत शिरली. माउंटजॉयने अडसराला धडक दिली, ती मागे फेकली गेली आणि गाळात रुतली. तिने तोफांची सरबत्ती केली. तोफांचा मागचा धक्का आणि चढती भरती यांनी ती सुटली. त्याच वेळी 'स्वॉलो' या युद्धनौकेच्या होडीतली माणसं कुऱ्हाडींनी अडसर तोडत होती. माउंटजॉयचा कप्तान मायकाया ब्राउनिंग गोळी लागून पडला, पण जहाजं रात्री शहराच्या धक्क्याला लागली. वेढा उठला.

हे काम मोठ्या जहाजाने का केलं नाही? नदीचं मुख उथळ आणि अरुंद. खोल बुडणारं जहाज तिथे गेलं असतं तर ओहोटीला किल्ल्याच्या तोफांपुढे अडकून पडलं असतं. पाचव्या दर्जाची नौका आत जाण्याइतकी लहान आणि किल्ल्याला उत्तर देण्याइतकी सशस्त्र होती.

नांगर असताना जहाज फुटलं कसं?

पुढच्या वर्षी कप्तान एडवर्ड पॉटिंजर याच्या हाताखाली डार्टमथला स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर पाठवलं. तिथली काही घराणी अजून जेम्सच्या बाजूची होती. मल बेटावरच्या डुआर्टच्या मॅक्लीन घराण्याकडून विल्यम-मेरीशी निष्ठेच्या करारावर सही घ्यायची, हे काम. ९ ऑक्टोबर १६९० रोजी वादळ आलं तेव्हा ती मलच्या सामुद्रधुनीत, स्कॅलस्टल उपसागरात नांगरून होती. नांगरांचे दोर तुटले. वाऱ्याने तिला सामुद्रधुनीपलीकडे नेलं आणि आयलन रुभा अन् रिदिरे या छोट्या बेटाच्या खडकांवर आपटलं. १३० पैकी सहा जण वाचले. कप्तानही गेला.

नांगर जहाजाला वजनाने धरतो, हा सर्वसाधारण समज बरोबर नाही. अडीचशे टनांच्या जहाजाचा मोठा नांगर सुमारे अर्ध्या टनाचा. तो धरतो ते एक नख तळात रुतवून. गोठ्यातला खुंट आडवा ओढला तर घट्ट बसतो, वरच्या दिशेने ओढला तर उपटून येतो, नांगराचंही तसंच. ओढ आडवी राहायला हवी तर दोर भरपूर लांब सोडावा लागतो, पाण्याच्या खोलीच्या कित्येक पट. किनाऱ्याजवळच्या अरुंद जागेत तेवढा सोडता येत नाही, कारण जहाज मागे सरकत खडकांपाशी जातं.

दोर तागासारख्या हेम्पच्या धाग्यांचा. त्याची जाडी ठरवायचा ढोबळ नियम: जहाजाच्या रुंदीच्या प्रत्येक फुटाला अर्धा इंच परिघ. डार्टमथला म्हणजे साडेबारा इंच परिघ, चार इंच व्यास. १२० वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) लांबीचा असा एक दोर कोरडा असतानाच दोन टनांच्या आसपास भरतो. वापरून झाला की तो ओलाच तळघरात वेटोळं करून ठेवावा लागतो, आणि आतून कुजतो. बाहेरून बघून कळत नाही.

वादळात दोर दोन ठिकाणी मरतो. एक, जहाजाच्या नाळेवरच्या, म्हणजे पुढच्या टोकावरच्या, ज्या भोकातून तो बाहेर पडतो तिथे. प्रत्येक लाटेला नाळ वर उडते आणि दोर लाकडाच्या कडेवर घासतो. म्हणून त्या भागाला जुन्या दोरांची आणि कातड्याची गुंडाळी बांधत, आणि दर थोड्या वेळाने हातभर दोर पुढे सोडत, म्हणजे घासणारी जागा बदलेल. दुसरी जागा तळाशी. तिथे खडक असतील तर कितीही गुंडाळ्या बांधा, उपयोग नाही. साखळ्यांचे नांगरदोर यायला अजून शतकाहून जास्त काळ होता.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जहाजावरची ओढ चौपट होते. दोन नांगर टाकलेले असले तरी ओढ दोघांत सारखी वाटली जात नाही. जहाज डोलतं तसं कधी एकावर येते, कधी दुसऱ्यावर. एक तुटला की सगळा भार दुसऱ्यावर येतो आणि तोही झटक्याने. म्हणून दोर बहुधा पाठोपाठ तुटतात.

शिडं उभारून निसटता आलं नसतं का? आडव्या शिडांचं जहाज वाऱ्याच्या दिशेशी साधारण ६७ अंशांपर्यंतच तोंड करू शकतं. वादळात शिडं जवळजवळ सगळी उतरवलेली असतात, जहाज बाजूला घसरत असतं, आणि मग पुढे जाण्यातून काही हाती लागत नाही. भर समुद्रात घसरायला जागा असते. सामुद्रधुनी जेमतेम तीन किलोमीटर रुंद. शेवटचा इलाज म्हणजे डोलकाठ्या तोडून वाऱ्याला पृष्ठभाग कमी करणं, आणि तो दोर शाबूत असेपर्यंतच कामाचा. पॉटिंजरला दोष देणं सोपं आहे. पण त्या किनाऱ्यावर ऑक्टोबरात नांगरून राहण्याचा हुकूमच धोक्याचा होता, आणि हुकूम त्याने काढला नव्हता.

किनारा इतका जवळ असून सहाच कसे वाचले? ऑक्टोबरातलं तिथलं पाणी काही मिनिटांत हातपाय बधिर करतं. बहुतेक खलाशांना पोहता येत नसे. आणि खडकांवर फुटणाऱ्या लाटेत पोहणं येऊनही फारसा उपयोग नसतो.

शेजारीच आणखी एक

डार्टमथच्या अवशेषांपासून काही किलोमीटरवर, डुआर्टच्या किल्ल्याच्या पायथ्याशी, आणखी एक लहान इंग्रज युद्धनौका आहे. ती 'स्वान' असल्याचं मानलं जातं. चार्ल्स पहिल्यासाठी १६४१ मध्ये बांधलेली, १६४५ मध्ये संसदेच्या पक्षाने पकडलेली, आणि १३ सप्टेंबर १६५३ रोजी मॅक्लीनांवरच्याच मोहिमेत वादळात बुडालेली. म्हणजे सदतीस वर्षांनंतर आरमाराने तीच चूक त्याच पाण्यात पुन्हा केली. तिच्यातून कोरीव लाकूडकाम, लाकडी गाड्यासकट तोफ आणि एक खिशातलं घड्याळ मिळालं. घड्याळ गंजाच्या ढेकळात पूर्ण अडकलेलं होतं. क्ष-किरणांनी आतली चाकं आणि कारागिराचं नावही वाचता आलं.

ती डार्टमथच आहे, हे ठरलं कसं?

मुख्यतः घंटेवरून. प्रत्येक जहाजावर वेळ सांगणारी एक घंटा असते. इथे मिळालेल्या घंटेवर १६७८ हे साल होतं, म्हणजे डार्टमथच्या मोठ्या दुरुस्तीचं. त्याला तोफांचे आकार, बुडण्याची नोंदलेली जागा आणि मातीच्या तंबाखूच्या चिलिमी यांनी दुजोरा दिला. या पांढऱ्या चिलिमी काळ ठरवायला फार कामाच्या. तंबाखू महाग होता तेव्हा त्यांची वाटी बोटाच्या पेराएवढी असे, स्वस्त होत गेला तशी ती मोठी होत गेली. चिलिमी लवकर फुटतात, म्हणून एका जहाजावर सापडलेल्या चिलिमी बहुधा शेवटच्या एक-दोन वर्षांतल्या असतात. कॉलिन मार्टिन यांच्या नेतृत्वाखाली १९७३-७४ मध्ये उत्खनन झालं आणि तोफा, स्वयंपाकाची भांडी, चिलिमी, जहाजाचं लाकूड असे एकेक भाग वेगळे अभ्यासले गेले.

जहाजाचं लाकूड सगळं टिकलेलं नाही. जो भाग दगड आणि गाळाखाली दबला तेवढाच राहिला. गाळात प्राणवायू पोचत नाही, त्यामुळे कीड आणि बुरशी तिथे जगत नाहीत. पाण्यात उघडा राहिलेला भाग काही दशकांतच नाहीसा झाला असणार.

मग ते वर काढून संग्रहालयात का ठेवत नाहीत?

तीनशे वर्षं पाण्यात राहिलेलं लाकूड आतून पाण्यानेच उभं असतं. वाळवलं की पेशी बसतात, तडे जातात, आकार जातो. त्यावर मेणासारखं एक रसायन वर्षानुवर्षं फवारून पाण्याची जागा त्याने भरावी लागते. स्वीडनच्या 'वासा' जहाजावर ही फवारणी १९६२ ते १९७९ अशी सतरा वर्षं चालली. खर्च मोठा, आणि अर्धवट सोडता येत नाही.

लोखंडी तोफांची गत निराळी. समुद्राच्या मिठाने त्यांचं लोखंड पोखरलेलं असतं. नुसत्या उचलून वाळूवर ठेवल्या तर त्यांचे पापुद्रे सुटून त्या मोडतात. म्हणून हल्ली शक्य तिथे तोफ तळाशीच ठेवतात. डुआर्टच्या अवशेषांवर तोफेला जस्तासारख्या धातूचा ठोकळा तारेने जोडून पाहिला गेला. जी प्रक्रिया शिशाच्या पत्र्यांनी सुकाणूचे बिजागरे खात होती तीच इथे उलटी वापरली आहे: आता ठोकळा झिजतो आणि तोफेचं लोखंड वाचतं. उघड्या पडणाऱ्या लाकडावर वाळूच्या पिशव्या रचल्या जातात. डार्टमथ आणि डुआर्ट या दोन्ही जागा स्कॉटलंडच्या कायद्याने संरक्षित आहेत. पाणबुड्याने तिथे जाऊन बघायला हरकत नाही, पण काही उचलणं, हलवणं किंवा तिथे नांगर टाकणं गुन्हा ठरू शकतं.